दोन इंजिनांची काच

लांबी ३२.८८ मीटर, उंची ८.३ मीटर, जाडी ७५ सेंटिमीटर आणि वजन २ लाख ४५ हजार किलो. दुबई मॉलमधल्या मत्स्यालयाची ही दर्शनी काच. खरं तर ती काच नाही, ॲक्रिलिक आहे. पण तिच्यापुढे उभं राहिलं की तोंडातून ‘काच’च निघतं. भावाने मोबाइलवरून आकडे वाचून दाखवले आणि मी नुसतीच ‘बापरे’ म्हणाले. बाबांनी मात्र हिशेब सुरू केला. त्यांची सगळी नोकरी बल्लारशा जंक्शनवर मालगाडीचे गार्ड म्हणून गेली. टन त्यांना आमच्यापेक्षा चांगले कळतात, कारण त्यांना ते चाकांवर दिसतात.

“डब्ल्यूएपी-७ इंजिन भरतं १२३ टन,” ते म्हणाले. “म्हणजे ही काच झाली दोन इंजिनांची.” मग जरा थांबून, काचेवरची नजर न हलवता, “अरे बाप्पा! दोन इंजिनं, अन् आरपार दिसते!”

२०१८ च्या डिसेंबरातली ही गोष्ट. भाऊ शारजात नोकरीला, त्याच्याकडे आठ दिवस गेलो होतो. पहिल्याच दिवशी बाबांनी हे इंजिन मधे आणलं आणि मग आठही दिवस आम्ही तिथली प्रत्येक गोष्ट घरच्या मापाने मोजत हिंडलो. तुम्हीही चला बरोबर.

काचेपासूनच सुरू करू. आपल्या घराची बाहेरची भिंत नऊ इंचांची. तशा तीन भिंती एकीला एक चिकटवल्या तरी ही काच त्यांच्याहून जाड भरते. उंची २७ फूट, म्हणजे घरावर माडी आणि माडीवर पाण्याची टाकी ठेवली की येते तेवढी. लांबी रेल्वेच्या एका डब्याहून नऊ मीटर जास्त. आणि मागे पाणी किती? एक कोटी लिटर! एक कोटी म्हटलं की डोळ्यांपुढे काहीच येत नाही, म्हणून विहिरी घेऊ. वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल अशी शेतातली विहीर काठोकाठ भरली, तर तिच्यात साडेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. अशा २८ विहिरी! एका लहानशा गावाच्या शिवारातल्या सगळ्या विहिरी उपसून एका खोलीत आणून ओतल्या, आणि त्यांच्या समोर एक पडदा लावला.

विहिरींनी भागत नसेल तर टँकर घ्या. उन्हाळ्यात आपल्या वस्तीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर. असे एक हजार लागतील. ते एकामागे एक, मधे थोडी जागा ठेवून उभे केले, एकेकाला अकरा मीटर धरले, तर रांग ११ किलोमीटर होते. आता चंद्रपूरच्या माणसाला ११ किलोमीटर म्हटलं की काय आठवतं? गोंडराजांचा परकोट! जटपुरा दरवाजापासून निघायचं, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर करत पुन्हा जटपुऱ्याला यायचं. त्या अख्ख्या कोटाला टँकरांचा वेढा पडेल, तेव्हा ती टाकी भरेल. आणि लातूरला २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली होती, आठवते? पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. त्या दिवशी लातूरच्या फलाटावर लोक गाडी बघायला जमले होते. तशा वीस गाड्यांचं पाणी इथे एका काचेमागे उभं आहे, दहा हजार टनांचं, म्हणजे अडीच-तीन मालगाड्यांतल्या कोळशाच्या वजनाचं. त्या पाण्याचा दाब ती काच कशी पेलते, हे ज्यांनी ती बसवली त्या अभियंत्यांवर सोपवू. आपण बघू.

आम्ही बघत होतो तेवढ्यात एक पाकट आली. चादर वाळत टाकावी तशी रुंद. ती काचेला पोट टेकवून सावकाश वर सरकत गेली. पांढरंफटक पोट, त्यावर तोंडाची आडवी चीर आणि खाली दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या फटी, सगळ्या एका लयीत उघडमीट करणाऱ्या. बाबांनी त्या बोटाने मोजल्या. पाच अन् पाच, दहा. या टाकीत मुशी आणि पाकटी मिळूनच चारशे आहेत म्हणतात, पण त्या एकीच्या दहा फटी आम्हाला जास्त लक्षात राहिल्या.

आता माणसं. दुबई मॉल नोव्हेंबर २००८ मध्ये उघडला. २०२४ या एका वर्षात तिथे ११ कोटी १० लाख लोकांनी पाय ठेवला, असं मॉल चालवणाऱ्यांनी जाहीर केलं. २०११ च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११ कोटी २४ लाख. म्हणजे मुंबईपासून भामरागडपर्यंत, पाळण्यातल्या बाळापासून काठी टेकत चालणाऱ्या आजीपर्यंत, जवळपास सगळा महाराष्ट्र वर्षातून एकदा त्या दारातून आत जाऊन आला! रोजचे होतात तीन लाख. तीन लाख म्हणजे कोण? चंद्रपूर शहर, त्याच जनगणनेतलं ३ लाख २० हजारांचं. रोज सकाळी उठून सगळं शहर कुलूप लावून मॉलला जातंय आणि रात्री परत येतंय, असं ३६६ दिवस. गडचिरोली जिल्हा पावणेअकरा लाखांचा, तो साडेतीन दिवसांत आत जाऊन येईल. गडचिरोली आणि चंद्रपूर दोन्ही जिल्हे मिळून ३२ लाख ७७ हजार, ते अकरा दिवसांत संपतील. बाराव्या दिवशी यवतमाळकरांना निघावं लागेल.

सहलीनंतर काही वर्षांनी हा आकडा आला, तेव्हा बाबांना तो गाडीत बसवून हवा होता. २४ डब्यांची गाडी, डब्याला ७२ बर्थ, सगळे भरलेले. माणसं झाली १,७२८. तीन लाखांना अशा १७५ गाड्या लागतात. मॉल सकाळी दहा ते मध्यरात्री बारा उघडा धरला, तर दर पाच मिनिटांना एक गाडी, चौदा तास, फलाट रिकामा न ठेवता. ज्या माणसाने लूप लाइनवर सिग्नलची वाट बघत रात्री काढल्यात, त्याच्या चेहऱ्यावर हे ऐकताना काय उमटलं ते मी पाहिलं. “इतका ट्रॅफिक,” ते हळूच म्हणाले, “अन् डब्याला धक्का नाही.”

याच माणसांनी आत येऊन फक्त एक-एक चहा घेतला, आणि तो शंभर रुपयांना पडला असं समजा. तिथे शंभर रुपयांत चहा मिळत नाही, पण धरून चालू. वर्षाचे झाले १,११० कोटी रुपये. नुसत्या चहाचे! पाचशेच्या नोटांत मोजले तर २ कोटी २२ लाख नोटा. शंभर नोटांची गड्डी साधारण एक सेंटिमीटर जाड असते. गड्डीवर गड्डी रचत गेलात तर चळत २,२२० मीटर उंच होते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. शिखरावरच्या देवळाच्याही वर आणखी अर्धा किलोमीटर नोटा, आणि दुकानात तर अजून कुणी शिरलेलंच नाही.

दुकानं बाराशे. प्रत्येकात दहा मिनिटं घालवली, जेवण नाही, झोप नाही, तरी २०० तास, म्हणजे आठ दिवस आणि आठ तास. आमची सगळी सुट्टी आठ दिवसांची होती! जागा सगळी मिळून एक कोटी वीस लाख चौरस फूट. एकरांत सांगायचं तर पावणेतीनशे एकर. पाच-पाच एकरांचे पंचावन्न शेतकरी, त्यांच्या सगळ्या धानाच्या बांध्या, धुऱ्यांसकट. गाड्या लावायला जागा १४,००० मोटारींना. त्या चौदा हजार एकामागे एक, नाकाला शेपूट लावून उभ्या केल्या, एकीला साडेचार मीटर धरले, तर रांग ६३ किलोमीटर. चंद्रपूरहून निघालेली रांग मूल ओलांडून सावलीच्या आसपास पोचेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लावली तर त्याचा दोन तृतीयांश भरून जाईल. मेट्रो स्टेशनापासून मॉलपर्यंत काचेचा बंद पूल आहे, त्यात सरकते पट्टे. लांबी ८२० मीटर, म्हणजे बावीस डब्यांची गाडी इंजिनासकट दीड वेळा. पट्ट्यावर नुसतं उभं राहायचं, गाडी आपली आपण पुढे जाते. आई तीन वेळा गेली आणि आली, केवळ मजा म्हणून.

बाहेर बुर्ज खलिफा. ८२८ मीटर. आलापल्लीच्या वनवैभवात १९५३ पासून राखून ठेवलेलं सहा हेक्टर जंगल आहे, तिथे मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. तिथला शंभर फुटी सागवान घ्या आणि त्याच्या शेंड्यावर दुसरा उभा करा, त्याच्यावर तिसरा. सत्तावीस सागवान चढवलेत की बुर्जाचं टोक हाताला लागेल. त्याच्या पायथ्याशी कारंजं, १५० मीटरपर्यंत उडणारं, पाच सागवानांएवढं. कोणत्याही एका क्षणी ८३,००० लिटर पाणी हवेत असतं. आठ टँकर, हवेत! ते खाली येईपर्यंत पुढचे आठ वर गेलेले.

मॉल ऑफ द एमिरेट्समधल्या बर्फाबद्दल फार सांगत नाही, कारण बाबा दारातूनच परतले. आत २२,५०० चौरस मीटर बर्फ, साडेपाच एकर. घसरायचा उतार ४०० मीटर, सतरा डब्यांचा. तापमान उणे एक. चंद्रपूरचा मे महिना ४८ पर्यंत जातो, म्हणजे मेच्या दुपारी जटपुरा गेटवरून उचलून कुणी इथे ठेवलं तर ४९ अंशांची उडी. रात्री तर तो उणे सहापर्यंत उतरवतात, नवा बर्फ पडावा म्हणून. वाळवंटात!

पण माझं मन अडकलं ते इब्न बतूता मॉलमध्ये. २००५ मध्ये उघडलेला हा मॉल म्हणजे एका प्रवाशाची वाट आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक किलोमीटरहून जास्त चालायचं, आणि चालता चालता देश बदलत जातात. अंदालुसिया, ट्युनिशिया, इजिप्त, इराण, भारत, चीन. ट्युनिशियात छतावर संध्याकाळचं आकाश रंगवलंय. इराणच्या घुमटाखाली उभं राहून वर बघावं, तर निळ्या नक्षीला अंतच नाही. चीनमध्ये लाल छताखाली एक भलंमोठं शिडाचं जहाज. आमचं बल्लारशा स्टेशनही आम्ही दुबईला गेलो त्याच वर्षी सुशोभीकरणात देशात पहिलं आलं होतं, भिंतींवरच्या ताडोबाच्या वाघांमुळे. त्यामुळे भिंती रंगवून माणसाला दुसरीकडे नेता येतं, हे आम्हाला पटवून द्यायची गरज नव्हती. आम्ही लगेच इराणात पोचलो.

आणि भारतात हत्ती. खऱ्या हत्तीच्या मापाचा, पाठीवर अंबारी, अंबारीत माणसं, साप आणि पक्षी. हे घड्याळ आहे! अल-जझारी नावाच्या कारागिराने १२०६ मध्ये आपल्या ग्रंथात ज्याची कृती लिहून ठेवली, ते हत्तीचं घड्याळ, मोठं करून उभारलेलं. अर्धा तास झाला की वरची यंत्रं हलतात. आईने कमलापूरच्या हत्तीकॅम्पात खरे हत्ती जवळून पाहिलेले, लाकूड ओढणाऱ्यांच्या घराण्यातले. ती त्याचे कान बघत म्हणाली, “कान बरोबर केलेत.” कारागिराला याहून मोठी दाद कोण देणार!

आता ज्याचं नाव या मॉलला, त्या माणसाचे आकडे धरा. इब्न बतूता १३२५ मध्ये, एकविसाव्या वर्षी मोरोक्कोतल्या टँजियरहून निघाला आणि १३५४ मध्ये त्याची भटकंती संपली. एकोणतीस वर्षं. अंतर मोजणाऱ्यांनी काढलंय ते सुमारे १ लाख १७ हजार किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे धरलं तर ७८० वेळा. घाट चढून, घाट उतरून, ७८० वेळा, आणि तेही उंटावर, घोड्यावर, गलबतात, पायी! दिवसाला भागून बघा, अकरा किलोमीटर येतात. अकरा! म्हणजे चंद्रपूरच्या परकोटाला रोज एक प्रदक्षिणा, ऊन असो, पाऊस असो, ताप असो, एकोणतीस वर्षं, एकही दिवस न चुकवता. मी तिथल्या तिथे मोबाइलवर दोनदा भागाकार केला. दोन्ही वेळा अकराच.

आणि हा माणूस आपल्याकडे येऊन गेला होता. १३४२ च्या सुमारास तो देवगिरीला, म्हणजे तेव्हाच्या दौलताबादला, आला. मराठ्यांबद्दल त्याने लिहिलं, तिथल्या द्राक्ष-डाळिंबांबद्दल लिहिलं, आणि एका बाजाराबद्दल लिहिलं. गाणाऱ्यांचा बाजार, नाव तरबाबाद. दुकानांच्या रांगा, गालिचे अंथरलेले, मधोमध सजवलेला मोठा घुमट, आणि दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गाणाऱ्यांचा प्रमुख तिथे येऊन बसे. एकामागून एक गायिका येऊन त्याच्यापुढे गात. सजवलेला घुमट, दुकानं, गालिचे, गाणं, लांबून बघायला आलेला पाहुणा. मी ज्या मॉलमध्ये उभी होते तो ज्याच्या नावाने बांधला, त्या माणसाने पावणेसातशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात उभं राहून हेच सगळं डोळे भरून पाहिलं होतं! ही गोष्ट वाचलेली होती, पण त्या घुमटाखाली ती अंगावर आली.

शेवटच्या दिवशी पुन्हा दुबई मॉल, फक्त एकासाठी. तो सोन्याच्या बाजाराच्या मोठ्या चौकात उभा होता. डिप्लोडोकस जातीचा डायनासोर, अमेरिकेतल्या वायोमिंगच्या खाणीतून काढलेला, २०१४ पासून मॉलमध्ये. लांबी २४.४ मीटर, उंची ७.६ मीटर, आणि सांगाड्यातली ऐंशी टक्क्यांहून जास्त हाडं अस्सल. रेल्वेचा डबा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे हा डब्यात मावत नाही. शेपूट दारातून बाहेर येईल. एसटीच्या दोन गाड्या लावल्या तरी जरा उरेल. आणि वय? साडेपंधरा कोटी वर्षं.

इथे बाबांची वॅगन चालेना, कोळशाची रेक चालेना. साडेपंधरा कोटी कशात भरायचे? मग मी एक युक्ती केली. एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर. पट्टीवरची सर्वांत बारीक रेघ. साडेपंधरा कोटी मिलिमीटर म्हणजे किती? १५५ किलोमीटर! मुंबई ते पुणे!

चला तर मग. हा डायनासोर गेटवे ऑफ इंडियापाशी उभा आहे आणि आज म्हणजे पुण्यात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. निघूया. शीव गेलं, डायनासोरच. पनवेल, डायनासोर. खालापूर, तरी डायनासोरच. घाट चढून खंडाळ्या-लोणावळ्यापाशी येतो, पुणं पासष्ट-सहासष्ट किलोमीटर उरतं, आणि इथे ते संपतात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. आणि ज्या घाटात ते संपतात त्या सह्याद्रीचा काळा दगडही त्याच सुमारास लाव्हा होऊन पसरत होता! तिथून पुढे कार्ले, तळेगाव, देहूरोड, पिंपरी, आणि माणसाचा पत्ता नाही. शिवाजीनगर आलं, तरी नाही. शनिवारवाडा तीनशे मीटर उरतो तेव्हा आपल्यासारखा पहिला माणूस दिसतो. दहा मीटर उरतात तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा शेत पेरतं. ६८ सेंटिमीटरवर, दरवाजाच्या पायरीपाशी, इब्न बतूता देवगिरीचं गाणं ऐकतोय. पंचावन्न सेंटिमीटरवर गोंडराजा बल्लाळशाचं चंद्रपूर वसतंय. चौतीसवर रायगडावर राज्याभिषेक. बाबांचं आयुष्य सात सेंटिमीटर. आणि हा मॉल, ही काच, ह्या बाराशे दुकानांचे दिवे, हे सगळं मिळून एक सेंटिमीटर. करंगळीच्या नखाएवढं, दाराला चिकटलेलं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अन् आपल्या सिरोंच्याचा?”

हो, आपला. सिरोंचा, जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते. त्या तालुक्यात वडधमला जीवाश्मांचं उद्यान आहे, दगड झालेले झाडांचे बुंधे तिथे मातीत आडवे पडलेत. तोच खडकांचा पट्टा नदीपलीकडे तेलंगणात जातो. त्याला नाव पडलं ते कोटा गावाचं, आणि त्याच खडकातून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी १९६१ च्या सुमारास जवळपास तीनशे हाडं काढली. त्यातलं मांडीचं एक हाड १.७ मीटरचं. बाबांची उंची तेवढीच आहे! डोक्यापासून टाचेपर्यंतचे बाबा म्हणजे त्याची नुसती मांडी. पाय एवढा मोठा म्हणून नाव दिलं बारापासॉरस, बंगालीतल्या ‘मोठा पाय’ या अर्थाच्या शब्दांवरून, आणि ते साल रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं होतं म्हणून पुढे ‘टागोरी’. हा दुबईच्या डायनासोरहून जुना. ज्युरासिक काळाच्या अलीकडच्या टोकाचा तो, तर हा त्याच्या कितीतरी आधीचा.

मी मोबाइलवर नकाशा उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पुणं शोधलं, तिथून बोट सरकवत लोणावळा, पनवेल, मुंबई केली. गेटवेपाशी क्षणभर थांबले. मग बोट तसंच पुढे नेलं, किनारा ओलांडून, निळ्या समुद्रात, आणि तिथे टेकवलं.

“इथं,” ते म्हणाले. “सिरोंचा इथं.”